चार अब्जांचं कुलूप, ६४१ची किल्ली

मुलांनो, आज तुमची एका संख्येशी ओळख करून द्यायची आहे. संख्या जरा लठ्ठ आहे, पण घाबरू नका. आधी ती वहीत सावकाश उतरवून घ्या.

४,२९,४९,६७,२९७

वाचता आली का? उजवीकडून एकं, दहं, शतक असं म्हणत डावीकडे सरका. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव! एका सेकंदाला एक अशा वेगानं, न झोपता, न जेवता मोजायला बसलात, तर इथपर्यंत पोहोचायला सुमारे १३६ वर्षं लागतील. म्हणजे पणजोबांनी सुरुवात केली असती, तर पणतवंडाच्या हाती मोजणी आली असती!

पण नुसती मोठी आहे म्हणून काही मी हिची ओळख करून देत नाही. मोठ्या संख्या काय, पाटीवर शून्यं वाढवत गेलं की हव्या तेवढ्या मिळतात. या संख्येची गंमत वेगळीच आहे. एका फार मोठ्या गणितज्ञाचा अंदाज हिनं खोटा पाडला. आणि तो खोटा पाडायला लागलं काय? तर तुम्ही चौथी-पाचवीत शिकता तो साधा भागाकार!

संख्या जन्मली कशी?

वहीचं मागचं पान उघडा आणि हा खेळ सुरू करा. ३ ही संख्या घ्या. तिच्यातून १ वजा करा. उरले २. आता २चा वर्ग करा, म्हणजे २ला २नंच गुणा. आले ४. त्यात १ मिळवा. झाले ५.

आता ५ घेऊन पुन्हा तेच करा. १ वजा केला, उरले ४. ४चा वर्ग १६. त्यात १ मिळवला, १७.

पुन्हा तेच. १७मधून १ गेला, १६ राहिले. १६ गुणिले १६ बरोबर २५६. अधिक १, म्हणजे २५७.

आणखी एकदा. २५६ गुणिले २५६ बरोबर ६५,५३६. अधिक १, झाले ६५,५३७.

आणि शेवटचं एकदा. ६५,५३६ गुणिले ६५,५३६. हा गुणाकार करताना हात थोडे दुखतील, पण करा. उत्तर येईल ४,२९,४९,६७,२९६. त्यात १ मिळवला की आपली पाहुणी हजर!

म्हणजे आपल्याकडे अशी माळ तयार झाली: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

आता या माळेतले पहिले पाच मणी नीट बघा. त्यांच्यात काही सारखं दिसतंय? सगळ्या विषम संख्या आहेत, हे तर झालंच. पण आणखी एक गोष्ट आहे. पाचही मूळ संख्या आहेत.

मूळ संख्या म्हणजे काय, ते आठवतंय ना? १पेक्षा मोठी असलेली जी संख्या १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानंच नि:शेष भागली जात नाही, ती मूळ संख्या. ७ ही मूळ संख्या. १५ मात्र मूळ नाही, कारण तिचे ३ आणि ५ असे तुकडे होतात. अशा संख्येला संयुक्त संख्या म्हणतात.

२५७ मूळ आहे की नाही, हे कसं ठरवायचं? २पासून २५६पर्यंत सगळ्या संख्यांनी भागून बघायचं का? छे! एक युक्ती आहे. एखाद्या संख्येचे दोन तुकडे होत असतील, तर दोन्ही तुकडे काही १६च्या वर जाऊ शकत नाहीत. कारण १७ गुणिले १७ म्हणजेच २८९ झाले, ते २५७च्या पुढे गेले. म्हणजे एक तरी तुकडा १६ किंवा त्याहून लहान असणार. मग १६च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की काम झालं. २, ३, ५, ७, ११ आणि १३. फक्त सहा भागाकार! सहाही वेळा बाकी उरते. म्हणजे २५७ मूळ.

६५,५३७साठी याच युक्तीनं २५६च्या आतल्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. त्या आहेत ५४. चोपन्न भागाकार म्हणजे थोडं जिकिरीचं काम आहे, पण दोन-तीन दिवसांत होण्यासारखं आहे. आणि चोपन्नही वेळा बाकी उरतेच.

एका वकिलाचा विश्वास

आता आपण फ्रान्समध्ये जाऊ या. साल १६४०. आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा दहा वर्षांचे होते. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात प्येर द फर्मा नावाचे एक गृहस्थ राहत होते. शिक्षण कायद्याचं, नोकरी न्यायालयात. गणित हा त्यांचा फावल्या वेळातला नाद. पण नाद कसला! त्या काळच्या युरोपातल्या भल्याभल्या गणितज्ञांना ते पत्रांतून कोडी घालायचे.

या फर्मांनी १६४० साली एका गणितज्ञ मित्राला पत्र लिहिलं. त्यात आपण वर तयार केली तीच माळ होती आणि आपला विश्वासही त्यांनी लिहिला होता. तो असा की, या माळेतली प्रत्येक संख्या मूळ आहे. पहिल्या पाचच नव्हे, तर सहावी, सातवी, आठवी, कुठवरही जा, सगळ्या मूळ! याची नेमकी सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण विश्वास मात्र पक्का होता.

गणितात अशा विधानाला अंदाज म्हणतात. अंदाज खरा आहे असं सिद्ध करायचं, तर प्रत्येक वेळी असंच का होणार याचं कारण द्यावं लागतं. आणि खोटा पाडायचा, तर? एकच उदाहरण पुरतं. एकच!

माझ्या सातवीच्या वर्गात मी ही माळ फळ्यावर लिहिली होती. पहिल्या पाच संख्या मूळ आहेत हे मुलांनी तपासलं. २५७चे भागाकार वर्गात झाले आणि ६५,५३७चे चोपन्न भागाकार बाकांवर वाटून दिले. मग मी विचारलं, "सहावीचं काय?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मूळ!"

"कशावरून?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पाच वेळा बरोबर आलं की. मग सहाव्यांदा कशाला करून बघायचं?"

मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "आणि एवढा मोठा माणूस सांगतोय तर खरंच असणार ना!"

बघा हं, दोघांचंही म्हणणं अगदी वेडगळ नाही. आपण रोजच्या व्यवहारात असंच तर वागतो. एसटी पाच दिवस आठ वाजता आली, की सहाव्या दिवशी आपण आठलाच फाट्यावर जाऊन उभे राहतो. स्कॉलरशिपच्या परीक्षेत 'पुढची संख्या ओळखा' असा प्रश्न आला की चार संख्यांवरून आपण पाचवी लिहून मोकळे होतो. आणि जाणत्या माणसाचं ऐकावं, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच असतं. पण एसटी कधी कधी पंक्चर होते. आणि गणितात तर नव्याण्णव वेळा खरं ठरलेली गोष्टसुद्धा शंभराव्या वेळी खरी ठरेल, असं कुणी लिहून दिलेलं नसतं.

बावीस वर्षांचा तरुण

फर्मा १६६५ साली वारले. त्यांचा अंदाज तसाच राहिला. खराही ठरला नाही, खोटाही नाही. सहाव्या संख्येनं कुलूप लावून घेतलं होतं आणि किल्ली कुणाला सापडत नव्हती.

मग साल उजाडलं १७२९. रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरातल्या विज्ञान अकादमीत लेओनार्ड ऑयलर नावाचा एक तरुण गणितज्ञ काम करत होता. मूळचा स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावचा. वय अवघं बावीस. त्याला डिसेंबर महिन्यात गोल्डबाख नावाच्या मित्राचं पत्र आलं. पत्रात मित्रानं विचारलं होतं की, या संख्या सगळ्या मूळ असतात असं फर्मांनी म्हटलंय, ते तुला माहीत आहे का?

ऑयलरला आधी त्यात फारसा रस वाटला नाही. पण गोल्डबाखनं पिच्छा सोडला नाही. हळूहळू ऑयलरच्या डोक्यात तो किडा शिरला. १७३२ साली, म्हणजे फर्मांच्या पत्रानंतर ९२ वर्षांनी, पंचवीस वर्षांच्या ऑयलरनं जाहीर केलं: सहावी संख्या मूळ नाही! ६४१नं तिला नि:शेष भाग जातो!

जातो का खरंच? ऑयलर म्हणतो म्हणून मानायचं असेल, तर मग फर्मा म्हणाले म्हणून मानण्यात काय वाईट होतं? तेव्हा पेन्सिल घ्या. आपण स्वतःच भागाकार करू. आधी ६४१चा पाढा नऊपर्यंत बाजूला लिहून ठेवा, म्हणजे काम सोपं होईल: ६४१, १२८२, १९२३, २५६४, ३२०५, ३८४६, ४४८७, ५१२८, ५७६९.

भाज्य ४२९४९६७२९७. भाजक ६४१.

पहिले चार अंक घ्या, ४२९४. साही ३८४६. भाग ६चा, उरले ४४८.
वरचा ९ खाली घ्या, ४४८९. साती ४४८७. भाग ७चा, उरले २.
६ खाली घ्या, २६. भाग जात नाही. शून्य द्या.
७ खाली घ्या, २६७. अजूनही भाग जात नाही. आणखी एक शून्य द्या.
२ खाली घ्या, २६७२. चोक २५६४. भाग ४चा, उरले १०८.
९ खाली घ्या, १०८९. एके ६४१. भाग १चा, उरले ४४८.
शेवटचा ७ खाली घ्या, ४४८७. साती ४४८७. भाग ७चा. बाकी शून्य!

मधली दोन शून्यं विसरू नका बरं का. बरीच मुलं नेमकी तिथेच घसरतात. भागाकार आला ६७,००,४१७. म्हणजे

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

कुलूप उघडलं! फर्मांचा अंदाज कोसळला. आत दोन संख्या निघाल्या, आणि गंमत म्हणजे त्या दोन्ही मूळ आहेत. त्यामुळे पुढे आणखी तुकडे पडत नाहीत.

किती भागाकार लागले असते?

आता तुम्ही विचाराल, ६४१ हीच किल्ली सापडली कशी?

सरळ रस्ता हा की, २पासून एकेक मूळ संख्या घ्यायची आणि भागत सुटायचं. आपल्या संख्येसाठी ६५,५३६च्या आतल्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. त्या आहेत ६,५४२. बाप रे! पण थांबा. ती संख्या मूळ असती, तर सगळे ६,५४२ भागाकार करावे लागले असते. ती तर मूळ नाही. मूळ संख्यांच्या यादीत ६४१चा नंबर आहे ११६वा. म्हणजे कुणी न कंटाळता ओळीनं भागाकार करत गेला असता, तर एकशे सोळाव्या भागाकाराला कुलूप उघडलं असतं. रोज चार भागाकार केले असते, तरी २९ दिवसांत. एका महिन्याचं काम, आणि त्यासाठी ९२ वर्षं वाट बघावी लागली!

ऑयलरनं याहूनही जवळची वाट शोधली. त्यानं विचार केला की, कुठल्या संख्यांनी भाग जाणं शक्यच नाही, हे आधीच कळलं तर? मग त्या बाजूला ठेवता येतील. पुढच्या एका लेखात त्यानं सिद्ध करून दाखवलं, की आपल्या संख्येला भाग जाणारी कोणतीही मूळ संख्या ही '६४च्या पटीपेक्षा एकनं जास्त' अशीच असावी लागते. ६४च्या पाढ्यात एक-एक मिळवून बघा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या ६५, १२९, ३२१, ३८५, ५१३ या मूळ नाहीत, त्या खोडून टाका. राहिल्या किती?

१९३नं भागलं, बाकी १०९.
२५७नं भागलं, बाकी २.
४४९नं भागलं, बाकी ३२५.
५७७नं भागलं, बाकी २८८.
६४१नं भागलं, बाकी ०.

पाचव्या भागाकारालाच काम फत्ते! सहा हजारांवर किल्ल्यांचा जुडगा होता, त्यातून विचार करून हाताशी ठेवल्या फक्त पाच. डोकं चालवलं की हाताचे कष्ट कसे वाचतात, ते बघा.

बाकीची जादू

एवढा लांब भागाकार करायचा कंटाळा आला असेल, तर एक छोटी वाटही आहे. तिच्यासाठी आधी एक नियम समजून घेऊ.

९ गुणिले १० म्हणजे ९०. ९०ला ७नं भागलं की बाकी ६. आता दुसऱ्या रीतीनं करू. ९ला ७नं भागून बाकी २. १०ला ७नं भागून बाकी ३. या दोन बाक्यांचा गुणाकार ६. तेच उत्तर! बाकीच काढायची असेल, तर अख्ख्या संख्यांचा गुणाकार करायची गरज नसते. बाक्यांचा गुणाकार केला तरी चालतो. तो गुणाकार भाजकापेक्षा मोठा आला, तर त्यालाच पुन्हा भागायचं.

हीच रीत आपल्या संख्येला लावू. आपली संख्या म्हणजे ६५,५३६ गुणिले ६५,५३६, अधिक १. ६५,५३६ला ६४१नं भागा. भाग १०२चा, बाकी १५४. मग १५४ गुणिले १५४ करा. आले २३,७१६. त्यात तो राहिलेला १ मिळवा. २३,७१७. आता ६४१ गुणिले ३७ करून बघा. तेही २३,७१७! म्हणजे ६४१नं नि:शेष भाग जातो. अब्जांचा हिशेब हजारांत उरकला.

एका रांगेतले तीन शेजारी

आपल्या संख्येचं घर कुठल्या आळीत आहे, तेही बघू या. तिच्या आधीच्या दोन शेजाऱ्यांना तुम्ही कदाचित ओळखत असाल.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट दाणे मागून राजाचं कोठार रिकामं करणारा तो हुशार माणूस! त्या पटाच्या पहिल्या अर्ध्या भागात, म्हणजे ३२ घरांत, एकूण दाणे किती होतात? ४,२९,४९,६७,२९५. आणि तेहतिसाव्या एकट्या घरात? ४,२९,४९,६७,२९६. त्यात एक दाणा टाकला की आपली संख्या.

हे तीन शेजारी स्वभावानं किती वेगळे आहेत, बघा. मधला ...२९६ नुसता २ या एकाच अंकापासून बनला आहे. बत्तीस वेळा २ घेऊन गुणाकार केला की तो तयार. संगणकवाल्यांचा हा मोठा लाडका आहे. बत्तीस जागांवर ० किंवा १ मांडून नेमक्या इतक्याच वेगवेगळ्या मांडण्या होतात. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता द्यायची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात एकूण पत्ते इतकेच आहेत. चार अब्ज पत्ते म्हणजे कधी संपायचे नाहीत असं वाटलं होतं. पण २०११ साली या पत्त्यांचे जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले!

पहिला शेजारी ...२९५ तर फारच गंमतीचा. त्याचे अवयव पाडा:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७

ओळखीचे वाटतात ना? आपल्या माळेतले पहिले पाच मणी! पडताळून बघा. ३ गुणिले ५ बरोबर १५. १५ गुणिले १७ बरोबर २५५. २५५ गुणिले २५७ बरोबर ६५,५३५. आणि त्याला ६५,५३७नं गुणलं की ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे माळेतल्या मागच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करून त्यात २ मिळवले, की पुढची संख्या मिळते. म्हणून तर वर २५७नं भागल्यावर बाकी २ उरली होती. ३, ५, १७, ६५,५३७ यांपैकी पाचपर्यंतच्या संख्यांना तर बाकी २ येतेच, आणि बाकीच्यांनाही भागून बघा. प्रत्येक वेळी २च!

आठ वर्षांचा मुलगा आणि सतरा बाजू

या संख्येच्या वाटेला आणखी एक जण गेला होता, आणि तो होता तुमच्याएवढा. अमेरिकेत १८०४ साली जन्मलेला झेरा कोलबर्न. मोठमोठे हिशेब हा मुलगा तोंडी करायचा. वडील त्याला गावोगाव घेऊन फिरायचे. आठ वर्षांचा असताना तो लंडनमध्ये होता. तिथे त्याला हीच संख्या घातली गेली आणि त्यानं ६४१ आणि ६७,००,४१७ हे अवयव तोंडी सांगितले, असं त्या वेळच्या वृत्तान्तात नोंदलेलं आहे. मात्र हे कसं करतोस असं विचारलं, तर त्याला तेव्हा ते नीट सांगता येत नसे.

फर्मांचा अंदाज चुकला, म्हणून त्यांची माळ वाया गेली असं मात्र समजू नका. १७९६ साली जर्मनीत गाऊस नावाच्या मुलानं, ज्याला तेव्हा एकोणीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती, एक नवलाची गोष्ट शोधली. फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून, सारख्या १७ बाजूंची आणि सारख्या कोनांची आकृती अचूक काढता येते! ३ आणि ५ बाजूंची आकृती काढणं हजारो वर्षांपासून माहीत होतं. ७, ११ किंवा १३ बाजूंची मात्र अशी अचूक काढताच येत नाही. बाजूंची संख्या मूळ असेल, तर ती फर्मांच्या माळेतलीच असावी लागते. हेर्मेस नावाच्या एका जर्मन गणितज्ञानं तर ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात सुमारे दहा वर्षं घालवली. ते बाड ग्योटिंगन विद्यापीठात जपून ठेवलेलं आहे.

पुढच्या कुलपांचं काय?

माळेतली सातवी संख्या आहे वीस अंकी: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. बुद्धिबळाच्या सगळ्या ६४ घरांतल्या दाण्यांपेक्षा ही बरोबर दोननं जास्त! तिचे अवयव १८८० साली फ्रान्समधल्या लांद्री यांनी प्रसिद्ध केले. तेव्हा आजोबांचं वय होतं ८२! त्यातला लहान अवयव आहे २,७४,१७७. आठवी संख्या ३९ अंकी. ती मूळ नाही हे आधीच कळलं होतं, पण तिचे अवयव सापडायला १९७० साल उजाडलं आणि संगणकाची मदत लागली.

त्यापुढच्याही कितीतरी संख्या तपासून झाल्या आहेत. माळेतल्या सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंत एकही मूळ नाही. त्यांतल्या एकविसाव्या संख्येची तर तऱ्हाच न्यारी! तीन लाखांहून जास्त अंक असलेली ही संख्या मूळ नाही, हे सिद्ध झालंय. पण तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. कुलूप आहे, किल्ली नक्की आहे, पण कुठे आहे ते ठाऊक नाही. आणि चौतिसावी संख्या? तिच्यात अडीच अब्जांहून जास्त अंक आहेत. ती मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागलेला नाही.

फर्मा म्हणाले होते, सगळ्या मूळ. आता बऱ्याच गणितज्ञांना वाटतं, पहिल्या पाचांनंतर एकही मूळ नसावी. पण मुलांनो, हाही अंदाजच आहे हं! सहावीपासून अठ्ठावीस वेळा तसं दिसलं, म्हणून एकोणतिसाव्यांदा तसंच असेल असं लिहून टाकू नका. त्याची सिद्धताही अजून कुणाला देता आलेली नाही. ती कदाचित तुमच्यापैकी कुणाची तरी वाट बघत असेल.

आणि आता हा गृहपाठ. ही माळ बघा: ३१, ३३१, ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१, ३३३३३३३१. या सातही संख्या मूळ आहेत. मग आठवी, म्हणजे आठ वेळा ३ आणि शेवटी १, अशी ३३,३३,३३,३३१ ही संख्या मूळ असेल का? उत्तर ठोकून देऊ नका. २पासून एकेक मूळ संख्येनं भागून बघा. खालचं उत्तर तोवर हातानं झाकून ठेवा.

(उत्तर: नाही. सातव्याच भागाकाराला, म्हणजे १७नं, भाग जातो. १७ × १,९६,०७,८४३ = ३३,३३,३३,३३१.)